'मस्ट' सक्तीपुरते नाही
इंग्रजीत 'मस्ट' म्हणजे सक्ती आणि 'मे' म्हणजे परवानगी, असे सहसा सांगितले जाते. ते बरोबर असले तरी अपुरे आहे. हीच क्रियापदे आपला अंदाज किती पक्का आहे हेही सांगतात, आणि शिकणारा नेमका तिथेच अडतो.

घरात दिवा दिसला की 'दे मस्ट बी ॲट होम' म्हणतात, म्हणजे आपले 'घरी असणार'. 'दे माइट बी ॲट होम' हे 'घरी असतीलही' याच्या जवळचे आहे. दाराला बाहेरून कुलूप दिसले, तर मात्र 'दे कान्ट बी ॲट होम' म्हणावे. तिथे 'मस्ट नॉट' अमेरिकेत चालते, पण ब्रिटिश कानाला त्यात सहसा मनाईच ऐकू येते.

तरीही एकच शब्द सर्वांना सारखाच पक्का वाटेल, असे धरून चालू नये. १९५१ साली युगोस्लाव्हियावरील संभाव्य हल्ल्याविषयीच्या अमेरिकी गुप्तचर अहवालात 'सीरियस पॉसिबिलिटी' असे शब्द होते. सीआयएचे विश्लेषक शर्मन केंट यांच्या मनात हल्ला होण्याच्या बाजूने ६५ विरुद्ध ३५ असे प्रमाण होते; पण हेच शब्द मान्य करणाऱ्या सहकाऱ्यांना त्यांनी विचारले, तेव्हा कोणी २० विरुद्ध ८० सांगितले, तर कोणी नेमके त्याच्या उलट. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते, कारण त्या सर्वांना इंग्रजी उत्तम येत होते. याउलट, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या अहवालांत 'लाइकली' म्हणजे किमान ६६ टक्के आणि 'व्हेरी लाइकली' म्हणजे किमान ९० टक्के, असे आधीच ठरवून दिलेले असते.