जुना फोन आणि आधीच्या मालकाचं खातं: तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात भाच्यासाठी जुना फोन घेतला. त्याला आयटीआयला प्रवेश मिळाला, वर्गाच्या सूचना सगळ्या व्हॉट्सॲपवर येतात, आणि नवा फोन घेण्याइतके पैसे बहिणीकडे नव्हते. साडेसात हजारात सौदा ठरला. नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ एक मुलगा फोन घेऊन आला. चालू केला तर भाषा निवडायचा पडदा. "ताई, सगळं पुसून अगदी कोरा करून आणलाय," म्हणाला. कोरा म्हणजे चांगलाच, असं मी धरून चालले. काच पाहिली, कडा पाहिल्या, चार्जर लावून पाहिला, यूपीआयने पैसे दिले.

घरी वायफाय जोडलं आणि पडद्यावर आलं की हा फोन रीसेट केलेला आहे, पुढे जायचं तर यावर आधी असलेलं गूगल खातं टाका. 'वगळा' म्हणायला बटणच नाही. भाच्याने मागे जाऊन भाषा बदलून पाहिली, पुन्हा तिथेच. मुलाचा नंबर बंद. भाचा म्हणाला, "मावशी, राहू दे." त्याचं ते "राहू दे" मला अजून लागतंय.

ज्या कोऱ्या पडद्यामुळे मी निर्धास्त झाले, त्याच्याच मागे कुलूप होतं. तुमच्या बाबतीत असं काही झालं असेल तर लिहा. फोन विकताना, घरातल्या घरात देताना झालं असेल तरी लिहा.

मिरज, मोबाईल दुरुस्तीचं दुकान

ताई, तुमच्यासारखी माणसं माझ्या काउंटरवर नेहमी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आम्ही याला एफआरपी, म्हणजे फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन म्हणतो. २०१५ साली अँड्रॉइड ५.१ बरोबर ही सोय आली. चोराने फोन बटणं दाबून रिकव्हरीतून पुसला तरी आधीचं खातं किंवा आधीचा पिन दिल्याशिवाय तो उघडू नये, हा उद्देश. सोय चांगलीच आहे. तुमचाच फोन उद्या चोरीला गेला तर तीच तुमच्या बाजूने उभी राहते.

मालकाला पिन माहीत असतो, त्यामुळे तो सेटिंग्जमध्ये जाऊन आधी खातं काढतो आणि मग रीसेट मारतो. ज्याला पिन माहीत नाही त्याला पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबूनच पुसावं लागतं. म्हणून पुसून आणलेला पीस मी हातातच घेत नाही. चालू असलेला फोन आणायला सांगतो. त्याने माझ्यासमोर पिन टाकून उघडायचा, सेटिंग्जमध्ये 'खाती' उघडून एकेक खातं काढायचं, मग तिथूनच रीसेट. त्यानंतर माझ्या हॉटस्पॉटवर जोडायचा, माझं खातं टाकायचं, होम स्क्रीन आली की पैसे. अर्धा-पाऊण तास जातो. ज्याला घाई आहे त्याचा फोन मी घेत नाही.

बाजारात "पाचशेत एफआरपी काढून देतो" म्हणणारे आहेत. माझ्याकडेही लोक तेच मागतात. मी बिल मागतो. बिल असलं तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवतो, नसलं तर हात लावत नाही. एक तर फोन कुणाचा हे मला माहीत नसतं. दुसरं म्हणजे जुगाडाने उघडलेला फोन पुढे कधी रीसेट करायची वेळ आली की पुन्हा तेच कुलूप समोर येऊ शकतं. अँड्रॉइड १५ पासून तर पळवाटा आणखी बंद केल्यात.

पुणे, कोथरूड

माझा अनुभव आयफोनचा, आणि त्यात कुणाचीच लबाडी नव्हती.

नवऱ्याच्या मित्राच्या मित्राकडून फोन घेतला. तो कॅनडाला निघाला होता, आवराआवरीच्या गडबडीत बॉक्ससकट फोन देऊन गेला. आम्ही चार दिवसांनी चालू केला. वायफाय जोडल्यावर 'आयफोन लॉक्ड टू ओनर' आणि खाली ठिपके ठिपके घातलेला ईमेल पत्ता, पहिलं अक्षर तेवढं दिसत होतं. ॲपलने हे ॲक्टिव्हेशन लॉक २०१३ मध्ये आयओएस ७ बरोबर आणलं. 'फाइंड माय' ही हरवलेला फोन शोधायची सोय चालू असली की ते आपोआप लागतं, वेगळं काही करावं लागत नाही. त्यामुळे देणाऱ्यालाही ते आठवत नाही.

रात्री साडेनऊला त्याला व्हिडिओ कॉल केला, तिकडे दुपार होती. तो आयक्लाउडच्या संकेतस्थळावर गेला, 'फाइंड डिव्हाइसेस'मध्ये हा फोन निवडला आणि खात्यातून काढून टाकला. आम्ही फोन बंद करून चालू केला. कुलूप गेलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. आधीच्या मालकाने मनात आणलं तर तो जगात कुठेही असो, फोन सोडवता येतो. म्हणून विकणाऱ्याचा खरा, चालू नंबर आपल्याकडे हवा. आणि अशा वेळी त्याला फोनवर पासवर्ड विचारू नका. त्याने तो स्वतःच वापरायचा.

अकोला

गूगल खातं काढलं म्हणून सगळं झालं असं समजू नका. माझ्या रेडमीवरचं गूगल खातं आधीच्या मालकाने काढलं होतं, पण रेडमी बनवणाऱ्या शाओमीचं स्वतःचं खातं, 'एमआय अकाउंट', राहिलं. रीसेटनंतर ते अडवून बसलं. दोन दिवस त्याच्यामागे लागून पासवर्ड आठवायला लावला. सॅमसंगचंही स्वतःचं वेगळं खातं असतं. कंपनीचं खातं आणि गूगलचं खातं, दोन्ही बघा.

लातूर जिल्हा

वर दुकानवाल्या दादांनी सांगितलेलं सगळं आम्ही केलं होतं. समोर रीसेट, माझं खातं, होम स्क्रीन, सगळं. तरी फसलो, म्हणून लिहितोय.

फोन ओळखीच्याच पोराचा, शेजारच्या गावचा. आठ महिने वापरलेला, नऊ हजारात मिळाला. वडील खूश होते, बाजारभाव बघायला आणि नातीचा चेहरा बघायला आता मोठा स्क्रीन झाला म्हणून. विसाव्या की एकविसाव्या दिवशी सकाळी फोन उघडला तर पूर्ण पडदाभर सूचना: हप्ता थकला आहे, भरा. खाली फायनान्सवाल्यांचा नंबर. बाकी काही उघडेना. वडील शेतात होते, त्यांना वाटलं आपल्याच हातून काही दाबलं गेलं. दिवसभर कुणाला बोलले नाहीत. संध्याकाळी मी घरी गेलो तर फोन रुमालात गुंडाळून कोनाड्यात ठेवलेला.

पोराने फोन हप्त्यावर घेतला होता आणि हप्ते संपायच्या आत विकला होता. अशा फोनमध्ये दुकानातच एक ॲप बसवतात, त्याला फोनवर सगळा ताबा असतो. खातं कुणाचंही असो, रीसेट मारला तरी बऱ्याचदा ते ॲप परत येऊन बसतं. हप्ता चुकेपर्यंत ते गप्प असतं, म्हणून घेताना कळत नाही.

नंतर एका जाणत्याने कुठे बघायचं ते दाखवलं. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीत 'डिव्हाइस ॲडमिन' नावाची यादी असते. तिथे अनोळखी नाव दिसलं आणि ते बंद करता येत नसलं, तर थांबायचं. 'हा फोन संस्थेच्या ताब्यात आहे' अशा अर्थाची ओळ कुठे दिसली तरी थांबायचं. आणि बिल मागायचं. बिलावर फायनान्सचं नाव असलं तर कर्ज फिटल्याचं पत्र, लोक एनओसी म्हणतात ते, हातात घेतल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत.

आमचं प्रकरण गावातल्या चार माणसांत बसून मिटलं. उरलेल्या तीन हप्त्यांतले दोन त्याने भरले, एक आम्ही. ॲप निघालं. पण वडील तो फोन आता बिनधास्त वापरत नाहीत. दर वेळी आधी मला विचारतात, "हे दाबू का?"

ऐरोली

थोडक्यात लिहिते. कंपनीने दिलेले फोन आणि लॅपटॉपही असेच बाजारात येतात. माझ्या भावाने घेतलेला आयफोन सुरुवातीलाच 'रिमोट मॅनेजमेंट' म्हणून एका संस्थेचं नाव दाखवू लागला. हे फक्त ती संस्थाच काढू शकते. विकणाऱ्याचा स्वतःचा पासवर्ड इथे कामाचा नाही. पैसे परत मिळाले, कारण व्यवहार होऊन एकच दिवस झाला होता.

डोंबिवली

मी दुसऱ्या बाजूने लिहितोय. माझा फोन दादरला गाडीत चढताना गेला. रेल्वे पोलिसांत तक्रार केली, त्याच नंबरचं सिम पुन्हा काढलं आणि सीईआयआरवर, म्हणजे चोरीचे फोन बंद पाडायच्या सरकारी व्यवस्थेत, फोन ब्लॉक केला. ही व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये प्रायोगिक म्हणून आधी आपल्या महाराष्ट्रात सुरू झाली, आणि मे २०२३ मध्ये संचार साथी पोर्टलबरोबर देशभर. फोनचा १५ आकडी ओळख नंबर म्हणजे आयएमईआय, तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र लागतं. बिल असलं तर उत्तम.

पाच-सहा महिन्यांनी पोलिसांचा फोन आला. चौकीत गेलो तर बाकावर एक बाई बसलेल्या, पिशवीत भाजीचा वजनकाटा. त्यांनी माझा फोन सहा हजाराला घेतला होता, मुलीच्या शाळेसाठी. कुणीतरी जुगाडाने उघडून विकला होता. त्यांनी सिम घातलं आणि शोध लागला. फोन त्यांनी स्वतः टेबलावर ठेवला. आधी कव्हर काढून पिशवीत घातलं, ते त्यांचं होतं. मुलीने त्यावर स्टिकर लावले होते.

मला फोन मिळाला, त्यांचे सहा हजार गेले. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यांना माहीत नव्हतं हे साहेबांना दिसत होतं, पण जबाब द्यायला दोन चकरा झाल्याच.

त्या बाईंना कुणी हे आधी सांगितलं असतं तर, म्हणून इथे लिहितो. विकणाऱ्याच्या फोनवर *#०६# दाबा, आयएमईआय दिसतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर दिसतात. बॉक्सवरचा, बिलावरचा आणि पडद्यावरचा नंबर जुळवा. मग इंग्रजीत केवायएम ही अक्षरं, एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर, असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. संचार साथी ॲपवरही हीच तपासणी होते. ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं उत्तर आलं तर तिथूनच उठा. एक लक्षात ठेवा, मालकाने अजून तक्रारच केली नसेल तर उत्तर साफ येतं. त्यामुळे ही तपासणी आणि वर सांगितलेली खात्याची तपासणी, दोन्ही करायच्या.

न्यू जर्सी

इथून भारतात फोन पाठवणाऱ्यांसाठी. मी माझा जुना आयफोन पुतण्याला साताऱ्याला पाठवला. खातं नीट काढलं होतं, पण फोन इथल्या मोबाईल कंपनीला बांधलेला होता, हप्ते चालू असल्यामुळे. तिकडचं सिम घेईना. सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे खाली 'कॅरिअर लॉक' दिसतं. तिथे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिलेलं असेल तरच पाठवा. शिवाय आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोनला सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच असलेलं सिम. तिथल्या गावात ते कोण चालू करून देईल, हेही आधी विचारून घ्या.

कोल्हापूर

विषय थोडा वेगळा आहे, पण इथेच लिहावासा वाटला.

माझे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचा आयफोन कपाटात होता. यंदा मुलगी बारावीला गेली, म्हटलं तिला देऊ. पिन कुणालाच माहीत नव्हता. अंदाजाने टाकत गेलो तर फोन बराच वेळ बंद झाला. दुकानातल्या मुलाने सांगितलं, पुसता येईल, पण मग त्यांचं खातं मागेल.

त्यांच्या फायलीत बिल सापडलं, आयएमईआयसकट. सगळी बिलं ते पंच करून लावून ठेवायचे. बिल आणि मृत्यूचा दाखला जोडून ॲपलकडे अर्ज केला. पुन्हा एकदा कागद मागितले, तेही दिले. कुलूप काढून मिळालं. पण फोन पुसूनच वापरता येतो. त्यात त्यांचे फोटो होते, पन्हाळ्याच्या शेवटच्या सहलीचे. मुलीने तीन दिवस घेतले, मग "पुसा" म्हणाली.

आयफोनमध्ये आता 'लेगसी कॉन्टॅक्ट', म्हणजे आपल्या माघारी आपलं खातं बघू शकेल असं माणूस, नेमता येतो, २०२१ च्या शेवटी ही सोय आली. गूगलमध्ये त्यासाठी 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. मी दोन्हीत मुलीचं नाव घातलंय. ज्यांच्या घरी असा एखादा फोन कपाटात आहे त्यांनी बिल आधी शोधून ठेवा.

धागा काढणारी, नाशिक

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत. डोंबिवलीच्या दादांचं वाचून त्याच दिवशी १४४२२ ला एसएमएस केला. आपत्कालीन कॉलच्या पडद्यावर *#०६# चाललं, त्यामुळे आयएमईआय मिळाला. उत्तर साफ आलं. तरी फोन, यूपीआयची पावती आणि त्या मुलाचा नंबर घेऊन पोलीस ठाण्यात गेले, लेखी अर्ज दिला आणि फोन जमा केला. पैसे परत येतील की नाही ठाऊक नाही. त्या फोनचा कुणी मालक असेल तर त्याला तरी तो मिळावा.

काल भाच्यासाठी दुसरा घेतला, नाशिक रोडला एका निवृत्त गृहस्थांकडून, त्यांच्या घरी बसून. मिरजेच्या दादांनी लिहिलेलं भाचा मोबाईलवर उघडून बसला होता आणि काका चष्मा लावून एकेक पायरी करत होते. गूगल खातं निघालं, कंपनीचं निघालं, डिव्हाइस ॲडमिनची यादी पाहिली, बिल रोखीचं निघालं. रीसेट होईपर्यंत काकूंनी पोहे केले. भाच्याने स्वतःचं खातं टाकलं, होम स्क्रीन आली, त्याने मला एक मिस्ड कॉल दिला, मग मी पैसे पाठवले. निघताना काकांनी परत हाक मारली. बिलाच्या मागे त्यांनी दोन्ही आयएमईआय, तारीख आणि 'फोन विकला, पैसे मिळाले' असं लिहून सही केली होती. खाली स्वतःचा लँडलाइन नंबर घातला आणि म्हणाले, "कुठं माझं नाव राहिलेलं दिसलं तर लगेच फोन करा, मी घरीच असतो."