बिडाचा साचा गंजून राहिला, काय करू?

कन्हानकाठ: मंडळी, काकांनी त्यांचा शिशाच्या गोळ्यांचा साचा दिला. फेकजाळ्याच्या कडेला ओवतो त्या गोळ्या. बिडाचा, बिजागरीवर मिटणाऱ्या दोन पाटांचा, एका खेपेला सहा निघतात. पावसाळ्यात गंजू नये म्हणून खोबरेल चोपडून ठेवला होता. आता काढला तर गोळ्यांच्या घरांमध्ये (शिसं ओततो त्या खळग्यांत) तांबूस गंज अन् वरून चिकट थर. तसाच ओतून पाहिला, सगळ्या गोळ्या सुरकुतलेल्या, एक तर अर्धीच. पॉलिश पेपर मारू का? की नागपूरला इतवारीत लोहाओळीत नवा पाहू?

जुना_खराद: नवा काहून घेता भाऊ? पेपर अजिबात नको. घर घासलं की मोठं होतं, पाटांच्या कडा मरतात, मग शिसं फटीतून पसरतं आणि प्रत्येक गोळीला पंख फुटतात. पाटांवरचा गंज अगदी बारीक स्टील वूलला थेंबभर मशीन ऑइल लावून हलक्या हाताने काढा. घरांना जुना टूथब्रश. मग थिनरने दोनदा धुवा, शेगडीपासून लांब, आणि पूर्ण वाळू द्या. सुरकुत्या तेलाने पडतात किंवा साचा थंड असल्याने. तुमच्याकडे दोन्ही असणार. साचा शेगडीच्या कडेला तापवा, पहिल्या चार-पाच खेपा परत भांड्यात टाका. गोळी पांढुरकी, धुक्यासारखी दिसली तर उलट साचा जास्त तापला, जरा थांबा.

वैनगंगेची_लेक: आमचे बाबा पवनीला घरांना चिमणीची काजळी धरायचे. गोळी पटकन सुटायची.

जुना_खराद: चालते ताई, पण पातळ. तेलकट साच्यावर काजळी म्हणजे न धुतलेल्या तोंडाला पावडर. गोळी अडकली तर पाटावर हातोडी नाही हं, बिजागरीच्या खिळ्यावर लाकडाने टकटक. चिकटलेलं शिसं साचा गरम असताना बांबूच्या काडीने निघतं.

कन्हानकाठ: लवकर थंड व्हावा म्हणून पाण्यात बुडवला तर?

जुना_खराद: नाही बाप्पा! गरम बीड तडकतं. आणि घरात थेंबभर पाणी राहिलं, वर 327 अंशांच्या पुढचं शिसं पडलं, तर वाफ होऊन ते तोंडावर उडतं. चष्मा, पूर्ण बाह्या, बंद बूट.

वैनगंगेची_लेक: अंगणातच ओता, पोट्टे लांब. ते पातेलं परत स्वयंपाकात नको, हात धुतल्याशिवाय तंबाखूचा खर्राही नको. जुन्या बॅटरीचं शिसं तर आणूच नका, त्यातून विषारी वायू निघू शकतो.

कन्हानकाठ: आणि ठेवताना?

जुना_खराद: खाण्याचं तेल चिकट होऊन बसतं. मशीन ऑइलचा पातळ हात, वर्तमानपत्रात नाही, घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यातली सिलिकाची पुडी. ओतायच्या दिवशी पुन्हा थिनर.

कन्हानकाठ: रविवारी केलं. पाचव्या खेपेपासून गोळ्या गुळगुळीत. टूथब्रश बायकोचा निघाला, तो वेगळा विषय. आता एक लाकडी मूठ हलून राहिली.

जुना_खराद: फोटो टाका.