[मंडळ यादी] शनिवार १४ मार्च: गाड्या न्यायच्या की ट्रेन?

प्रेषक: वृंदा
सोमवार, २ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

काल हॉलमध्ये फिलाडेल्फियाच्या सहलीचं बोलणं अर्धवट राहिलं म्हणून इथे लिहितेय. आतापर्यंत सतरा नावं आलीत, त्यात पाच मुलं आणि तीन ज्येष्ठ. नेदरलँड्सहून शिकायला आलेल्या इराने आखलेला रस्ता तोच ठेवलाय. जिरार्ड कॉलेज या शाळेच्या भिंतीपासून सुरुवात, मग नॉर्थ कॉलेज अव्हेन्यूवर आनंदीबाई जोशींचं डॉक्टरकीचं कॉलेज जिथे होतं तो कोपरा, आणि शेवटी रेडिंग टर्मिनल मार्केटात जेवण. तारखेवर पुन्हा चर्चा नको. ११ मार्चला त्यांच्या पदवीला १४० वर्षं होतात, पण ११ ला बुधवार आहे, म्हणून त्यापुढचा शनिवार. रविवारी मार्केटातली आमिश मंडळींची (जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिश्चन पंथ) दुकानं बंद असतात आणि मुलांना प्रेट्झेल हवेच आहेत.

प्रश्न एवढाच आहे की जायचं कसं. ट्रेनने कोण, गाडीने कोण, ते उद्या संध्याकाळपर्यंत कळवा.

वृंदा

प्रेषक: अविनाश
सोमवार, २ मार्च, रात्री १०:१५

गाड्याच. पाओलीच्या रेल्वे लाइनवर राहणारी आपल्यात चार घरं. आपल्या हॉलच्या उपनगरात, किंग ऑफ प्रशियाला, स्टेशनच नाही. म्हणजे बाकीच्यांनी आधी गाडी काढायची, ती स्टेशनवर लावायची, मग ट्रेन, मग सबवे (भुयारी रेल्वे), मग ट्रॉली (ट्राम). लहान मुलं घेऊन हे कोण करणार? माझ्या गाडीत सहा जण बसतील. अजून तीन गाड्या काढल्या की सगळे मावले. जिरार्ड अव्हेन्यूवर कुठेतरी लावू.

२०१७ च्या सहलीत दोन कुटुंबं सबर्बन स्टेशनच्या भुयारी वाटांत तासभर फिरत होती. तेव्हा फोन कुणाला येत होते ते माझ्या लक्षात आहे.

अविनाश

प्रेषक: शिल्पा
मंगळवार, ३ मार्च, सकाळी ७:०५

१४ ला दुपारी तीनला पाडव्याच्या नाटुकलीची तालीम आहे. हे जानेवारीतच ठरलं होतं आणि कॅलेंडरवर आहे. पाचपैकी चार मुलं नाटुकलीत आहेत. पाडवा १९ ला, कार्यक्रम २१ ला, त्याआधी हॉल फक्त याच शनिवारी मिळतोय.

आणखी एक. वर्षाच्या सहली सांस्कृतिक समिती ठरवते. इराबद्दल माझ्या मनात काही नाही, पोर गोड आहे, पण समितीला आधी विचारायला हवं होतं. बाकी काही असो, तीनला मुलं हॉलमध्ये हवीत.

शिल्पा

प्रेषक: इरा
मंगळवार, ३ मार्च, रात्री ११:३०

नमस्कार शिल्पामावशी, अविनाशकाका आणि सगळे,

समितीला विचारायचं असतं हे मला माहीत नव्हतं, माफ करा. तालीम चुकणार नाही. आपण साडेनऊला सबर्बन स्टेशनला भेटलो तर एकला जेवून मुलं परतीच्या गाडीत असतील.

रस्ता नीट सांगते. सबर्बन स्टेशनवरून खालूनच सिटी हॉलच्या सबवेला जाता येतं. ब्रॉड स्ट्रीट लाइन, जिला आता सेप्टा, म्हणजे इथली वाहतूक संस्था, नुसतं बी म्हणते, ती धरून जिरार्डला उतरायचं. वर आलं की १५ नंबरची ट्रॉली, नवीन नाव जी. ट्रॉलीचे डबे हिरवे आणि क्रीम रंगाचे, १९४७ सालचे, दुरुस्त करून २०२४ मध्ये पुन्हा रुळांवर आणलेत. मुलांना त्यातच बसायला मिळेल. ट्रॉली आली नाही तर कोरिंथियन अव्हेन्यूपर्यंत पायी पंधरा मिनिटं. भाडं दोन डॉलर नव्वद सेंट, त्यात दोनदा गाडी बदलता येते. बारा वर्षांखालच्यांना मोठ्यांबरोबर फुकट. कार्ड काढायची गरज नाही, बँकेचं कार्ड टेकवलं की चालतं.

काका, गाडीने का नको ते सांगते. जानेवारीत संक्रांतीच्या कार्यक्रमाला मी १२४ नंबरच्या बसने किंग ऑफ प्रशियाला आले होते. बस थांबली तिथपासून हॉल नकाशात दीड किलोमीटर दिसत होता. आइंडहोव्हनला दीड किलोमीटर म्हणजे आजी भाजी आणायला जाते तेवढं. चारशे पावलांवर फुटपाथ संपला. पुढे गवत, गवतावर गोठलेला बर्फ, आणि शेजारून गाड्या. दोन गाड्या थांबल्या, दोघांनीही विचारलं, काही झालंय का, गाडी बंद पडली का. चालत जाणारं माणूस अडचणीतच असणार असं त्यांना वाटलं. लोक चांगले होते. पण त्या दिवशी मला कळलं की तुम्ही सगळे तीस-तीस वर्षं इथे राहून शहर का पाहत नाही. गाडी घरून निघते ती गॅरेजमध्ये शिरते, मधलं काही भेटतच नाही.

शहरात तसं नाही. विल्यम पेनने १६८२ मध्ये सरळ रेघांचं गाव आखून घेतलं आणि आडव्या रस्त्यांना झाडांची नावं पडली: वॉलनट, चेस्टनट, स्प्रूस, पाइन. पहिल्या आठवड्यात मी ती पाठ केली आणि त्यानंतर एकदाही चुकले नाही. नदी ओलांडून सिटी हॉलच्या टोकावरचा विल्यम पेनचा पुतळा दिसला की मध्य सापडतो. थंडीमुळे मी एका दिवसात फार चालत नसे, रोज एक रस्ता. स्प्रूसवर विटांची जुनी घरं, पायऱ्या थेट फुटपाथवर उतरलेल्या. त्या पायऱ्यांवर लोक ओट्यावर बसावं तसे बसतात, फेब्रुवारीतसुद्धा, ऊन आलं की.

आनंदीबाई पदवी घेताना माझ्याएवढ्या होत्या, वीस वर्षांच्या. त्यांचा १८८५ चा फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल, कॉलेजातल्या तिघी: जपानची ओकामी केई, दमास्कसची साबात इस्लामबुली आणि साडीत आनंदीबाई. तो ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे, माझ्या वर्गापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. मी त्यांच्याबद्दल घरी आजीकडून ऐकलं होतं. त्या इथल्याच कुठल्याशा रस्त्यावरून बर्फात चालत कॉलेजला जात असतील हे मात्र इथे पाय गोठल्यावर मनात आलं. कॉलेज १९३० मध्ये तिथून ईस्ट फॉल्सला हललं. कोपरा आणि भिंत आहे. मला तुम्हाला ते चालत दाखवायचंय.

इरा

प्रेषक: मोहन
बुधवार, ४ मार्च, सकाळी ६:५०

> नदी ओलांडून

इरा, नदीचं नाव (Schuylkill) तू त्या दिवशी कसं म्हणालीस ते सर्वांना सांग. मी १९९८ पासून इथे आहे, स्कूकल म्हणतो. पहिल्या वर्षी ऑफिसात श्युलकिल म्हणालो तर समोरच्याला कळलंच नाही. तूच म्हणालीस की हे डच नाव आहे, किल म्हणजे ओढा आणि पहिला भाग लपलेला अशा अर्थाचा. रोज त्या नावाच्या महामार्गावर अडकून बसतो, कधी डोक्यात आलं नाही.

मोहन

प्रेषक: इरा
बुधवार, ४ मार्च, सकाळी ९:२०

हो काका, स्खाउलकिल. आणि मार्केटातल्या आमिश लोकांना पेनसिल्व्हेनिया डच म्हणतात, पण त्यांचा हॉलंडशी संबंध नाही. ते डॉइच, म्हणजे जर्मन. मी पहिल्याच शनिवारी प्रेट्झेलच्या दुकानात उत्साहाने डचमध्ये बोलले. टोपी घातलेली मुलगी माझ्याच वयाची, तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि इंग्लिशमध्ये विचारलं, लोणी लावू का? त्यानंतर तिने आपल्या घरच्या बोलीत लोणी म्हणून दाखवलं. आमचा शब्द बोटर, तिचा बुडर. दर शनिवारी आम्ही एक शब्द ताडून बघतो.

प्रेषक: नीलिमा
बुधवार, ४ मार्च, दुपारी १:१०

मी हे कुणाला घाबरवायला लिहीत नाही. माझी मुलगी शहरात शिकत होती तेव्हा तिला ब्रॉड स्ट्रीटच्या उत्तर भागात एकटं जाऊ नकोस असं सगळ्यांनीच सांगितलं होतं, विद्यापीठानेसुद्धा. इरा, तू तिकडे एकटी हिंडलीस हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. तुझी आई तिकडे, आम्ही इथे तुझ्यासाठी आहोत ना? निदान सांगून जात जा. मुलांना घेऊन चालत जाण्यापेक्षा गाडीने थेट फाटकाशी उतरणं मला बरं वाटतं.

नीलिमा

प्रेषक: इरा
बुधवार, ४ मार्च, रात्री १०:०५

नीलिमामावशी, इथून पुढे सांगून जाईन, नक्की. मी दुपारी गेले होते आणि फोन पिशवीत ठेवला होता.

तिथे काय झालं ते सांगते. जिरार्डच्या भोवती दहा फुटी दगडी भिंत आहे, आत त्रेचाळीस एकर. मी भिंतीला हात लावत चालले होते. समोरच्या घराच्या पायरीवर एक सत्तरीच्या बाई मीठ टाकत होत्या, बर्फ वितळावा म्हणून. कॉफीच्या डब्यातून, मुठीने, आपण तांदूळ पेरतो तसं. म्हणाल्या, कुणाला शोधतेस? मी म्हटलं, १८८६ मधल्या एका बाईला. त्यांनी डबा खाली ठेवला.

मग त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली. स्टीव्हन जिरार्डने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की ही शाळा फक्त गोऱ्या अनाथ मुलग्यांसाठी. सभोवती सगळी वस्ती काळ्यांची, आणि मधे ही भिंत. १९६५ मध्ये वकील सेसिल मूर यांनी लोकांना घेऊन भिंतीभोवती फेऱ्या सुरू केल्या. सात महिने सतरा दिवस. ऑगस्टमध्ये मार्टिन ल्यूथर किंग येऊन फाटकाशी बोलले. त्या तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या, आईचं बोट धरून चालायच्या. १९६८ मध्ये पहिली काळी मुलं आत गेली, मुलींना १९८४ उजाडलं.

आनंदीबाईंचं नाव त्यांनी मला कागदावर लिहायला लावलं, देवनागरीत आणि इंग्लिशमध्ये. १४ ला सगळे आलात तर दार वाजवा म्हणाल्यात.

प्रेषक: सुधाताई
गुरुवार, ५ मार्च, सकाळी ८:३०

मुलांनो, मी वाचतेय सगळं. पासष्टीनंतर इथल्या रहिवाशांना सेप्टाची बस, सबवे, ट्रॉली फुकट असते. माझं कार्ड चार वर्षं पर्समध्ये पडून आहे, एकदाही वापरलेलं नाही. मी ट्रेनने येणार. गुडघ्याचं मी बघते.

इरा, एक नाव विसरलीस. आनंदीबाईंच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या, लहानग्या मनोरमेला घेऊन. तेव्हा त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात होत्या. डीन रेचल बॉडलींनी बोलावलं होतं. समारंभापुरत्या आल्या आणि पुढे १८८८ पर्यंत अमेरिका फिरल्या, शाळा पाहिल्या, भाषणं दिली, आणि परत जाऊन सगळं मराठीत लिहून छापलं. युरोपातून शिकता शिकता या गावात आलेली मराठी बाई तू पहिली नव्हेस. मुलांना हेही सांग.

सुधा

प्रेषक: शिल्पा
गुरुवार, ५ मार्च, सकाळी ९:४५

सुधाताई येत असतील तर मीही येते. एकच्या गाडीने मी स्वतः मुलांना परत आणते, तीनला तालीम. वृंदा, समितीच्या पत्रकात मी ही सहल घालते, म्हणजे हिशोब एकाच ठिकाणी राहील. नाटुकलीत रमाबाई-आनंदीबाईंच्या भेटीचा प्रवेश बसवता येईल का, पाच मिनिटांचा? संवाद कोण लिहील?

प्रेषक: मोहन
गुरुवार, ५ मार्च, दुपारी १२:००

मी लिहितो. पण बॉडलीबाईंचं काम करायला कुणीतरी उंच हवं.

प्रेषक: अविनाश
रविवार, ८ मार्च, रात्री ८:२०

काल इराबरोबर आधी जाऊन आलो, न बघता सतरा जणांना नेणं मला पटत नव्हतं. आधी गाडीने गेलो. कोरिंथियनच्या आसपास पस्तीस मिनिटं फिरलो, एक गाडी लावायला जागा मिळाली. चार गाड्यांना मिळणार नाही. मग गाडी तिथेच ठेवून इराने सांगितलेल्या रस्त्याने उलटं सिटी हॉलपर्यंत गेलो आणि परत आलो. ट्रॉलीला अकरा मिनिटं लागली. सबर्बन स्टेशनमधून सबवेकडे जाताना दोनदा डावीकडे वळायचं तिथे मी स्वतः उभा राहीन, म्हणजे २०१७ सारखं होणार नाही.

भिंतीच्या कोपऱ्यावर थांबलो तेव्हा पायरीवरच्या बाई बाहेर आल्या. इराने लिहून दिलेला कागद त्यांनी दाराच्या काचेला आतून चिकटवलाय. आनंदी गोपाळ जोशी. फिलाडेल्फियात एका घराच्या दारावर मराठी अक्षरं. मी सव्वीस वर्षं या शहरात कामाला येतोय. त्यांनी हात पुढे केला आणि मला नीट बोलता आलं नाही.

तर ट्रेन. नीलिमा, ज्यांना चालणं जमणार नाही त्यांच्यासाठी माझी एक गाडी थेट फाटकाशी येईल, मिलिंद चालवेल. तुझी आई त्यात.

पाओलीहून येणाऱ्यांनी पुढच्या डब्यात बसा. साडेनऊ म्हणजे साडेनऊ. त्या बाईंसाठी पाडव्याची साखरेची गाठी न्यायची आहे, ती कोण आणतंय?

अविनाश

प्रेषक: नीलिमा
रविवार, ८ मार्च, रात्री ८:५०

गाठी मी आणते. आई म्हणते तिला गाडी नको, ट्रॉलीत बसायचंय. मिलिंदला सांगा.