आवडत्या छायाचित्रकाराची नक्कल करताना... तुमचे अनुभव

काल जुनी हार्ड डिस्क उघडली. 'जिना' नावाच्या फोल्डरमध्ये एकाच वळणदार जिन्याचे २१४ फोटो! आँरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ सालचा तो फोटो तेव्हा डोक्यात भिनला होता: वरून दिसणारा जिना आणि खाली झरकन निसटणारा सायकलवाला. त्यांच्यासारखीच ५० एमएमची एकच लेन्स लावून महिनाभर त्या जिन्यावर उभा राहिलो. सायकल कधी कठड्यामागे, कधी चौकटीबाहेर. जमलेल्या एकमेव फोटोत सायकल नाहीच. एक आजी पायरीवर टेकून चपलेचा अंगठा सारखा करताहेत. त्यांची ती बोटं काल पुन्हा पाहिली आणि गलबलून आलं.

तुम्ही कुणामागे लागलात? हाती काय लागलं?

*

सॉल लायटर!! वाफ धरलेली काच आणि पलीकडे लाल छत्री. पहिल्या दिवशी वाइड लेन्स घेऊन बसले, अख्खा रस्ता आत आला. मग कळलं की हा माणूस १५० एमएमसारख्या लांब (दूरचं जवळ आणणाऱ्या) लेन्सही वापरायचा, त्यामुळे मागचं-पुढचं सगळं एकमेकांना चिकटतं. आणि फोकस! कॅमेरा दर वेळी थेंबच पकडतो. शेवटी मॅन्युअलवर, म्हणजे हाताने फोकस... बाळ उठलं, नंतर लिहिते.

*

+१. लायटर मुळात चित्रकार, ते रंगांत दिसतंच. फोनवाल्यांनो, स्क्रीनवर बोट दाबून धरा, फोकस लॉक होतो.

*

माझे छायाचित्रकार हाँगकाँगचे फॅन हो. त्यांचा १९५४ चा फोटो, उंच भिंत, कोपऱ्यात एक मुलगी आणि तिच्याकडे सरकणारी तिरकी सावली. तशा सावलीसाठी दोन हिवाळे एका भिंतीपुढे घालवले. मग वाचलं की ती सावली त्यांनी डार्करूममध्ये, म्हणजे प्रिंट काढायच्या अंधाऱ्या खोलीत, घातली होती. दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. नंतर मीही संगणकावर घालून पाहिली, पण खोटी वाटे. कारण खरी सावली वस्तूपासून लांब जाईल तशी कडेला मऊ होत जाते, माझी सगळीकडे सुरीसारखी. हे मात्र त्या दोन हिवाळ्यांमुळेच डोळ्यांना कळलं.

*

अरेरे, दोन हिवाळे! पण मन खट्टू करू नका. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सनीही १९४१ च्या चंद्रोदयाच्या फोटोतलं आकाश पुढे प्रिंट काढताना अधिकाधिक काळं करत नेलं.

*

डार्करूमवरून आठवलं, बाबांची जुनी लेन्स माळ्यावर सापडलीये. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय.

*

बुरशी आहे ती. स्वतः खोलू नका, जाणकाराला दाखवा. बाकीच्या लेन्स तिच्यापासून लांब, हवाबंद डब्यात सिलिका जेल (ओलावा शोषणाऱ्या पुड्या) घालून ठेवा.

*

धन्यवाद! बाबांनी माझे लहानपणीचे सगळे फोटो तिनेच काढलेत, म्हणून जीव अडकलाय.

*

लाल छत्रीवाल्या ताई, पुढे काय झालं?

*

झोपलं एकदाचं. तर मॅन्युअलवर फोकस काचेपलीकडे नेला आणि वाट पाहत बसले. लाल छत्री आलीच नाही. एक पिवळा रेनकोट आला, थांबला, आणि रेनकोटातल्या माणसाने तळहाताने काच पुसून आत डोकावलं. तेवढ्याच पुसलेल्या जागेत एक डोळा आणि अर्धी भुवई. तोच फोटो भिंतीवर लावलाय.