बंद पडून राहिलेलं आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं इंजिन) चालू होताना रडतं, तुमचे अनुभव लिहा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, पुढे समुद्र शांत होईपर्यंत नारळी पौर्णिमा उजाडते, म्हणजे छोट्या होडीचं मशीन दोन-अडीच महिने ताडपत्रीखाली. आमचं १५ हॉर्सपॉवरचं टू स्ट्रोक आहे. चोक ओढला की फुरफुरतं, चोक आत ढकलला की बंद. प्लग नवे टाकले, ठिणगी निळी कडक येतेय. तुमच्याकडे असं कधी झालं, कशाने सुटलं ते सांगा. फक्त मेकॅनिकला दाखवा म्हणू नका, तो या दिवसांत कुणाला सापडतोय!

मालवणहून
चोकवर चालता आणि चोक काढल्यावर मरता म्हणजे पेट्रोल कमी पडता, पायलट जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, चोंदलेला असणार. कार्बोरेटरच्या बाऊलचा खालचा स्क्रू सोडून बघा काय निघतंय ते, आमच्यात पिवळं चिकट वार्निशसारखं निघालेलं. जेट काढून कार्ब क्लीनर मारा, उजेडाकडे धरून भोक आरपार दिसलं पाहिजे. तार खुपसू नका हां, भोक मोठं झालं की मशीन कायमचं जास्त पेट्रोल पिणार. माझे बाबा मे अखेरीला पेट्रोलची नळी काढून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचे, बाऊल रिकामा, काही गोठायला शिल्लकच नाही.

श्रीवर्धनहून
जेट साफ कराल पण टाकीतलं पेट्रोल तेच ठेवलंत तर आठवड्यात परत तेच. आता पंपावर ई२० मिळतं, २० टक्के इथेनॉल, ते हवेतली ओल खेचतं आणि जास्त झाली की पाणी-इथेनॉल खाली बसतं. टाकीतली नळी पण तळातूनच ओढते ना, आणि टू स्ट्रोकसाठी पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल राहतं वरच्या थरात, म्हणजे मशीनला तेलाशिवायचं जातं. काचेच्या बाटलीत थोडं काढून ठेवा, दोन थर दिसले की विषय संपला.

दापोलीकडून
जेटच्या आधी फुकटातलं बघा की. पेट्रोलच्या नळीतला रबरी बॉल बाण वर करून दाबा, कडक झाला पाहिजे, नाही झाला तर कुठेतरी हवा खातोय, बहुतेक कनेक्टरची ओ-रिंग. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सोडलाय ना? आणि किल स्विचची (मशीन झटकन बंद करायच्या बटणाची) लाल क्लिप, ती नसेल तर मशीन चालूच होत नाही! शेजारचे काका सकाळभर दोरी ओढत होते, क्लिप नातवाने खेळायला नेलेली.

सांगलीहून
आमच्याकडे समुद्र नाही पण २०१९ च्या पुरानंतर गावात रबरी बोट आणि ओबीएम (आउटबोर्ड मशीन) आलं. ते वर्षभर पडून राहणार आणि लागणार तेव्हा मात्र त्याच मिनिटाला लागणार, म्हणून मंडळातली पोरं अधूनमधून पाण्याच्या पिंपात उभं करून चालवतात. दुसरा उपाय मला तरी पटत नाही.

मिशिगनहून
इथे तर हिवाळाभर बंद. ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं औषध) घालून दहा मिनिटं चालवायचं म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचतं, नुसतं टाकीत ओतून काही होत नाही. इथेनॉल नसलेलं पेट्रोल काही पंपांवर मिळतं, महाग आहे, पण बोटवाले तेच भरतात.

रत्नागिरीहून
कुणीतरी स्टार्टिंग स्प्रे सुचवेलच म्हणून आधीच सांगतो, टू स्ट्रोकला नको. ऑइल पेट्रोलमधूनच येतं, स्प्रेने सिलिंडर कोरडा पडतो.

मूळ प्रश्नवाला
मालवणवाले दादा, पायलट जेटच होता! नवीन पेट्रोल, ५० ला १ ऑइल, आता चोकशिवाय चालतंय. पण मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची मागची धार बारीक येतेय.

मालवणहून
मग आधी बंद करा! धारेच्या भोकात मीठ-माती असेल तर तिथे तार चालते. तरी धार नाही वाढली तर इम्पेलर, म्हणजे पाणी वर खेचणाऱ्या पंपाचं चाक, पडून पडून त्याची रबरी पाती वाकून कडक होतात. खालचं हाउसिंग उतरवून बदलून टाका, हेड गरम होऊन बसलं तर त्याचा खर्च कितीतरी पट.