मदत हवी आहे: जड फ्लोअरस्टँडिंग स्पीकरखाली कोणते पाय लावू?

खर्जप्रेमी: मंडळी, लवकर सांगा, आज रात्री ऑर्डर टाकायची आहे. स्पीकर चांगलेच जड आहेत. सोबत आलेले स्पाइक (टोकदार धातूचे पाय) लावलेत, पण बास पसरट येतो आणि शोकेसच्या काचा थरथरतात. व्हायब्रेशन अडवणारे पाय हवेत. थेट नाव सांगा.

आटेदार: एका स्पीकरचं वजन किती? तळाच्या इन्सर्टचे, म्हणजे पाय ज्यात फिरवून बसवतात त्या धातूच्या भोकाचे, आटे एम६ (६ मिमी), एम८ (८ मिमी) की पाव इंची? जमीन कसली? हे कळल्याशिवाय नाव सांगण्यात अर्थ नाही.

सागवान: स्पाइकच ठेवा, खाली पितळी चकत्या द्या. डबा हलला की ट्विटरचा (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरचा) आवाज धूसर होतो. स्पीकर घट्टच उभा हवा.

आटेदार: @सागवान, स्पाइक गालिच्यातून आरपार जाऊन स्पीकर स्थिर करतो, तेवढंच त्याचं काम. कंपनं तो अडवत नाही, थेट जमिनीत पोचवतो.

सागवान: आणि कंपनं अडवायला स्प्रिंगचे पाय लावले, तर त्यांवर डोलणारा उंच स्पीकर लहान मुलाने ढकलला तर? स्प्रिंग लावायच्याच असतील तर आधी तळ रुंद करणारे आडवे हात बसवा.

खर्जप्रेमी: वजन ३८ किलो, आटे एम८. जमीन साधीच आहे. आयसोअकॉस्टिक्स कंपनीचे गाया १ हे रबरी पाय मागवू का? मोठंच घेतलं की काळजी नको.

मोजमाप: अजिबात नको. चार पायांच्या संचाची कमाल क्षमता अशी: गाया ३ ला ३२ किलो, गाया २ ला ५४, गाया १ ला १००. तुम्हाला गाया २. असा पाय त्याच्यावर ठरावीक वजन पडलं तरच नीट काम करतो. वजन कमी पडलं तर रबर दबत नाही, कडकच राहतं. जास्त झालं तर चेपून बसतं आणि तेव्हाही कडकच.

कुठलाही पाय घ्या, हिशोब हाच: १५.८ ला दबलेल्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने भागा, येईल ती त्या पायाची स्वतःची वारंवारता (सेकंदाला तो किती वेळा डोलतो), हर्ट्झमध्ये. दीड मिमी दबला तर साधारण १३, १० मिमी दबला तर ५. सूर या वारंवारतेच्या १.४ पटीच्या वर गेल्यावरच कंपनं कमी व्हायला लागतात, खाली ती उलट वाढतात. ४० हर्ट्झचा सूर १३ हर्ट्झच्या पायातून सुमारे आठवा हिस्सा झिरपतो, ५ हर्ट्झच्या स्प्रिंगमधून कागदावर त्रेसष्टावा. रबर कंपनाखाली अजून कडक वागतं, त्यामुळे त्याचा खरा आकडा थोडा वाईटच धरा.

सुटे पाय किंवा स्प्रिंग घेणार असाल तर पुढचं-मागचं वजन वेगळं मोजा. पुढचे पाय वजनकाट्यावर, मागचे तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर ठेवा. वूफरची (बासच्या मोठ्या स्पीकरची) मॅग्नेट पुढे असल्याने भार बहुधा पुढे जास्त भरतो. चारही सारखेच लावले तर स्पीकर पुढे झुकतो.

खर्जप्रेमी: मग गाया २ फायनल? जमीन म्हणजे टाइल्सवर लॅमिनेटचं वुडन फ्लोअरिंग.

आटेदार: ही साधी जमीन नव्हे! लॅमिनेटखाली २-३ मिमी फोम असतो, फळ्या तरंगत्या असतात. फळी स्वतःच ढोलासारखी वाजते, त्यात स्पाइकने एकेका बिंदूवर भार येतो. आधी २० मिमी ग्रॅनाइटचा ४० बाय ४५ सेंमी तुकडा कापून घ्या, १० किलोच्या आसपास भरेल. त्याच्या तळाला पातळ फेल्ट चिकटवा आणि पाय वर ठेवा.

खोलीनाद: काचा हवेतल्या बासनेही वाजतात, तिथे पाय काही करू शकत नाहीत. ऑर्डरच्या आधी एक चाचणी करा. फोनवरच्या टोन जनरेटरने ३० ते १०० हर्ट्झ सावकाश फिरवा, काच कुठे वाजते ते लिहून ठेवा. मग स्पीकर जाड घडी घातलेल्या गादीवर ठेवा, एकाने धरून ठेवा आणि त्याच आवाजावर तोच सूर पुन्हा लावा. थरथर गेली तर वाट जमिनीची होती. तशीच राहिली तर हवेची. खोलीची लांबी किती?

खर्जप्रेमी: १४ फूट. चाचणी केली. पायाला जाणवणारा हादरा गेला, बासही आवरला. पण ४० च्या आसपास एक काच अजून वाजतेय.

खोलीनाद: १४ फुटांच्या खोलीचा पहिला नाद (भिंतींमध्ये घुमणारा सर्वांत खालचा सूर) ४० हर्ट्झलाच येतो. त्या काचेच्या कडांना सिलिकॉनचे बंपर (छोट्या मऊ टिकल्या) लावा आणि स्पीकर मागच्या भिंतीपासून पुढे ओढून बघा. उरलं तर ४० हर्ट्झचा आवाज इक्वलायझरने कमी करा.

आटेदार: जमिनीचा हादरा गेला ना, मग गाया २ घ्या. संचात एम८ चे बोल्ट येतात. बोल्ट इन्सर्टच्या खोलीपेक्षा लांब असेल तर तळाच्या पॅनेलला टेकतो आणि जोर लावला की इन्सर्ट उखडतो, म्हणून आधी काडी घालून खोली मोजा. पायावरचा लोगो ऐकणाऱ्याच्या दिशेला समोर किंवा बरोबर उलटा, मागे करा. आडवा ठेवू नका.