मिश्र वास्तव: कला की गड्ड्यातला आकाशपाळणा?

पार्क चौक: "हेडसेट चढवून सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या खऱ्या दृश्यावर बातम्यांच्या पट्ट्या तरंगवणं, म्हणजे मिश्र वास्तव, ही कला नव्हे, गड्ड्याच्या जत्रेतला आकाशपाळणा," असं या मंचावर कुणीतरी ठोकून दिलंय. साफ चूक! क्वेस्ट ३ हा हेडसेट लावल्यावर तलाव काचेतून दिसत नाही. कॅमेरे तो टिपतात, मग तो डोळ्यांपुढच्या पडद्यावर येतो. स्वतःचा हात जवळ धरून बघा, कडेचं चित्र थरथरतं. 'खरा' वाटणारा तलावही चित्रणच. बातमीचंही असंच असतं, आणि ही कला तेच दाखवते.

हातमाग: बघणाऱ्याला ते कळतं कुठे? 'भारी' म्हणतो आणि हेडसेट पुढच्याच्या हातात देतो. त्यापेक्षा एकाच मोर्चाचे दोन फोटो शेजारी लावा, एक जवळून कातरलेला, एक गच्चीवरून. दहा माणसांची गर्दी कशी होते, पोरांनाही कळेल.

पार्क चौक: फोटोत कातर दुसऱ्याच्या हाती असते. इथे मान वळवली की चौकटही वळते. चूक हे बनवणाऱ्यांची आहे, तीन मथळे एकदम दाखवतात. तोच चौक ठेवा. आधी 'दंगल', मग 'मोर्चा', मग मथळाच नाही. प्रत्येकी २० सेकंद. शेवटी हेडसेट काढून तोच चौक उघड्या डोळ्यांनी.

जेकार्ड: हेच मोबाइलवर दाखवणाऱ्यांनी आधी सोलापुरी चादर मार्कर (कॅमेऱ्याने ओळखायचं चित्र) म्हणून वापरणं थांबवावं. नक्षी पुन्हापुन्हा येते, ही कुयरी की ती, सॉफ्टवेअरला कळत नाही. घडी पडली की सपाटपणाही गेला. गूगलच्या एआरकोर या सॉफ्टवेअरला चित्र किमान ३०० बाय ३०० पिक्सेलचं लागतं, दर्जाचे गुण किमान ७५ असावेत, आणि ओळख पटेपर्यंत त्याने कॅमेऱ्याची पाव चौकट तरी व्यापायला हवी. चादर फ्रेमवर ताणा, मधोमध वेगळं छापील चित्र लावा. लॅमिनेट करू नका, ट्यूबलाइट चकाकली की मार्कर हरवतो.

हातमाग: म्हणजे विणकराची नक्षी सॉफ्टवेअरला वाचता येत नाही म्हणून झाकायची? अहो, माध्यमांचा आजार हाच! कॅमेऱ्याला पकडता येतं तेवढंच जगात उरतं.

जेकार्ड: चिडू नका. सॉफ्टवेअरने मार्कर नाही धरला तर वरचं चित्र उडतं, लोक मोबाइल खाली ठेवतात.

पार्क चौक: मग उडू द्या. चादर हरवली की पडद्यावर ती जागा रिकामीच ठेवा, पर्यायी चित्र नको.

हातमाग: रिकामी ठेवणार असाल तर मान्य, आणि तीन मथळ्यांचंही मान्य. पण शेजारी खरी चादर हात लावता येईल अशी हवी. नाहीतर आमचे फोटोच बरे.